पेडलाची दुहेरी साक्ष

नांदेडहून लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत लातुरास पोहोचणारा रस्ता, जो आज ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून दफ्तरी नोंदला गेला आहे, तो बालाघाटाच्या चढउतारांवरून जात असल्यामुळे मोटारीच्या इंजिनाची तेथे चांगलीच परीक्षा होते. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या बाजार समितीकडे पोती घेऊन निघालेला पिकअप, मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघालेली जीप, किंवा अपरात्री आजाऱ्याला घेऊन नांदेडच्या रुग्णालयाकडे धावणारी एखादी खाजगी मोटार, यांपैकी कोणतेही वाहन भर चढावर एकाएकी मंदावले, पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिन आवाज वाढवीना, आणि समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळला, म्हणजे चालकाच्या मनात आधी डिझेलचा संशय येतो, मग फिल्टरचा. आणि गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत नेल्यावर तेथे स्कॅनर लावून, पडद्यावरचा कोड वाचून, ‘एक्सलेटरचा सेन्सर गेला, पेडल बदलावे लागेल’ असा निकाल दोन मिनिटांत ऐकवला जातो. हा निकाल पुष्कळदा बरोबरही असतो. परंतु तो पुराव्यावाचून दिला गेला असेल तर चांगले पेडल भंगारात जाते, नव्या पेडलाचे पैसे मालकाच्या अंगावर पडतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी तोच दिवा त्याच चढावर पुन्हा लागतो. असे का घडते आणि ते कसे टाळता येईल, हे समजण्यासाठी पायाखालच्या त्या लहानशा उपकरणाची रचना थोडी निवांतपणे पाहिली पाहिजे.

निजामाच्या संस्थानात १९३२ साली रेल्वे खात्याच्या अखत्यारीत २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली, तेव्हापासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याकडच्या रस्त्यांवर ज्या मोटारी धावल्या, त्यांत चालकाचा पाय आणि इंजिन यांचा संबंध सरळ व यांत्रिक होता. पेडल दाबले की दांडा किंवा पोलादी केबल ओढली जाई, पेट्रोलच्या गाडीत हवेची झडप उघडे, डिझेलच्या गाडीत इंधनपंपाचा दांडा सरके, आणि पाय जितका खाली तितके इंधन अधिक असा रोखठोक व्यवहार चाले. केबल तुटली तर ती डोळ्यांना दिसे, गंजली तर पायाला जड लागे, आणि रस्त्याच्या कडेला बसून तिला गाठ मारून पुढचा मुक्काम गाठणारे चालक जुन्या पिढीला ठाऊक आहेत. पुढे धुरावरचे निर्बंध कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके देशभर अंमलात आली. आणि इंधनाचा कण न् कण मोजून देण्याची जबाबदारी इंजिनाच्या संगणकावर, म्हणजे ज्याला मिस्त्री मंडळी ‘ईसीएम’ म्हणतात त्यावर, पूर्णपणे येऊन पडली. त्यामुळे एम.एच. २६ किंवा एम.एच. २४ ही अक्षरे मिरवणाऱ्या अलीकडच्या जवळजवळ कोणत्याही मोटारीत पेडल आता इंजिनाला हुकूम सोडीत नाही. ते केवळ अर्ज करते. चालकाला किती ताकद हवी आहे याची विद्युत्-सूचना ते संगणकाकडे पाठवते, आणि इंधन किती सोडायचे, हवेची झडप किती उघडायची, याचा निर्णय संगणक आपल्या हिशेबाने घेतो.

ही सूचना तयार करणारा जो भाग, तोच पेडलस्थितीचा संवेदक. तो बहुधा पेडलाच्या बिजागरीपाशी, काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असतो, आणि त्यात एक नव्हे तर दोन स्वतंत्र मापके असतात. अनेक गाड्यांत ही मापके जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असते तशा कार्बनच्या पट्टीची असतात. पेडल फिरले की धातूचे बारीक बोट त्या पट्टीवरून सरकते आणि पट्टीवरच्या त्याच्या जागेनुसार व्होल्ट कमीजास्त होतो. इतर गाड्यांत घर्षण मुळीच नसते. तेथे लहानसा चुंबक फिरतो आणि त्याच्या क्षेत्रातला बदल एक अर्धवाहक चकती मोजते, जिला हॉल संवेदक म्हणतात. दोन्ही प्रकारांत पेडलाच्या कपलरला सर्वसाधारणपणे सहा तारा येतात. प्रत्येक मापकाला संगणकाकडून येणारा ५ व्होल्टचा पुरवठा, प्रत्येकाची स्वतंत्र अर्थ, म्हणजे ऋण टोकाकडे जाणारी तार, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र संकेत, असा हा हिशेब आहे. पाय पेडलावरून काढलेला असताना पहिल्या मापकाचा संकेत पुष्कळ गाड्यांत ०.७ ते ०.८ व्होल्टच्या आसपास असतो, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर तो ४ व्होल्टच्या जवळ जातो. अशा गाड्यांत दुसऱ्याचा संकेत पेडलाच्या प्रत्येक स्थितीत पहिल्याच्या जवळपास निम्मा असतो. काही कंपन्या निम्म्याऐवजी ठराविक अंतर ठेवतात, तर काहींच्या गाडीत एक संकेत चढतो तेव्हा दुसरा उतरतो. म्हणून आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावेत.

दोन मापके कशासाठी, आणि दोघांचे आकडे मुद्दाम वेगळे कशासाठी, हा प्रश्न मला या सगळ्या रचनेचा गाभा वाटतो. सावध न्यायाधीश एकट्या साक्षीदाराच्या जबाबावर सहसा फाशीची शिक्षा सुनावीत नाही, त्याप्रमाणे एकट्या संकेतावर विसंबून संगणक इंजिनाला पूर्ण ताकद देत नाही. कारण एका तारेत बिघाड होऊन खोटाच मोठा आकडा आला, तर चालकाच्या इच्छेविरुद्ध गाडी सुसाट सुटेल. दोघांचे जबाब दर क्षणी ताडून पाहिले जातात. निम्म्याच्या रचनेत पहिला १.५० म्हणत असेल तर दुसऱ्याने ०.७५ च्या जवळपास म्हटले पाहिजे. ठरलेल्या मर्यादेबाहेर तफावत गेली की संगणकाचा दोघांवरचाही विश्वास उडतो. आणि आकडे वेगळे ठेवण्यातली मख्खी अशी की, दोन संकेतांच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही ठिकाणी एकच व्होल्ट दिसू लागतो, जो अशा निरोगी पेडलात कधीच दिसू शकत नाही. म्हणजे दोघांनी संगनमत केल्याचे तात्काळ उघडकीस येते. दोन्ही आकडे सारखे ठेवले असते तर हीच लबाडी बेमालूम खपली असती.

ही काळजी अनाठायी नाही. टोयोटा कंपनीच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनी २००९-१० साली अमेरिकेत मोठे काहूर उठले, तेव्हा तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याने नासाच्या अभियंत्यांना त्या मोटारींची विद्युत्-यंत्रणा तपासावयास सांगितले. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, विद्युत्-दोषामुळे मोठा अनियंत्रित वेग निर्माण झाल्याचा पुरावा मिळाला नाही; पेडल अडकविणारी पायपुसणी आणि जागच्या जागी चिकटणारे पेडल ही यांत्रिक कारणेच ठळकपणे पुढे आली. परंतु त्याच तपासात, झटके खाणाऱ्या एका मोटारीचे पेडल उघडले असता, आतल्या कथिलाच्या मुलाम्यातून उगवलेला अतिसूक्ष्म धातूचा तंतू दोन्ही संकेतांना एकमेकांशी जोडून बसलेला आढळला. चिमटीत न सापडणारा तो तंतू मोटारीच्या वागणुकीत फरक पाडू शकत होता, ही गोष्ट ‘आत काय बिघडणार?’ असे विचारणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोन संकेतांत तफावत पडली म्हणजे संगणक गाडी बंद पाडत नाही. तो तिची ताकद आवरून धरतो. एक संकेत नाहीसा झाला तर दुसऱ्याच्या आधारे, पण मंद गतीने आणि मर्यादित शक्तीने, इंजिन चालू ठेवले जाते. दोन्ही गेले तर अनेक डिझेल गाड्यांत इंजिन मिनिटाला सुमारे १२०० फेऱ्यांवर स्थिर केले जाते, म्हणजे पेडलाला स्पर्शही न करता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रस्त्याच्या कडेला नेता यावी. मिस्त्री लोक याला ‘लिंप मोड’ म्हणतात. लोहा ते अहमदपूर या टापूत रात्री असे घडले तर घाबरून पेडल आपटत बसण्यात अर्थ नाही. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्यावी, किल्ली बंद करून काही मिनिटे थांबावे, पेडलाखाली मॅट किंवा गोणपाट अडकले आहे काय ते पाहावे, कपलर हाताने घट्ट दाबून पुन्हा इंजिन सुरू करावे. गाडी सरळ झाली तरी दोष गेला असे न समजता, जवळच्या गावापर्यंत सबुरीने जावे.

आता निदान. येथे स्कॅनर हा पहिला दरवाजा आहे, शेवटचा नव्हे. चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली सोळा खाचांचे जे सॉकेट असते, त्यात स्कॅनर जोडला की बहुधा पाचांपैकी एखादा कोड दिसतो. पी २१२२ म्हणजे पहिल्या संकेताचा व्होल्ट मर्यादेखाली, पी २१२३ म्हणजे मर्यादेवर. पी २१२७ आणि पी २१२८ यांचा अर्थ दुसऱ्या संकेताबाबत तोच. आणि पी २१३८ म्हणजे दोघांच्या आकड्यांचा मेळ बसत नाही. यांपैकी एकही कोड ‘पेडल खराब आहे’ असे सांगत नाही, हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडेच आहे. कोड सांगतो तो संगणकाच्या दाराशी पोहोचलेल्या व्होल्टविषयी. तो व्होल्ट वाटेत कोठे बिघडला, हे शोधण्याचे काम माणसाचे आहे.

कोड पाहून झाल्यावर स्कॅनर काढून न ठेवता त्यातला लाइव्ह डेटा उघडावा आणि इंजिन बंद, किल्ली चालू अशा स्थितीत पेडल अगदी सावकाश, दहा-बारा सेकंदांत तळापर्यंत नेऊन तितक्याच सावकाश सोडावे. आकडे चढत्या क्रमाने, कोठेही न अडखळता वाढले पाहिजेत. येथे एक गोंधळ हटकून होतो. काही स्कॅनर पाय काढलेला असतानाही पहिला संकेत १५ टक्के आणि दुसरा ७ किंवा ८ टक्के असा दाखवतात, आणि नवशिका मिस्त्री ‘पेडल शून्यावर येत नाही’ म्हणून त्याला दोषी ठरवतो; प्रत्यक्षात ०.७५ व्होल्ट हे ५ व्होल्टचे पंधरा टक्केच होतात, आणि पेडल निर्दोष असते. उलटपक्षी, लाइव्ह डेटात पेडल सुरळीत शंभराकडे जात असूनही इंजिन वेग घेत नसेल, तर पेडलाचा काही संबंध नाही; मग तुंबलेला डिझेल फिल्टर, टर्बोची फाटलेली नळी, किंवा ब्रेकचा स्विच यांच्याकडे वळावे. या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे फारच थोडे लक्ष दिले जाते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेल्याचे दिसले तर पुष्कळ मोटारींचा संगणक ब्रेकची बाजू घेऊन इंजिनाची ताकद काढून घेतो. ब्रेकचा स्विच अडकून राहिला तर चालकाने ब्रेक दाबलेलाच नसताना संगणकाची तशी समजूत होते, आणि ताकद पेडलाशी काहीही संबंध नसताना जाते. मागचे ब्रेकचे लाल दिवे सतत जळत आहेत काय, हे पाहावयास स्कॅनरही लागत नाही.

इतके झाल्यावरही संशय पेडलावरच राहिला, तर मल्टिमीटर हाती घ्यावा. प्रथम किल्ली बंद करून कपलर सोडवावा, मग किल्ली चालू करून गाडीच्या बाजूच्या खाचांत दोन्ही ठिकाणी ५ व्होल्ट येतात काय ते पाहावे. ते नसतील तर पेडल बदलून काय होणार? पुरवठ्याची तार तुटली असेल, किंवा त्याच पुरवठ्यावर जगणारा दुसरा एखादा संवेदक आतून भाजून सगळा ५ व्होल्ट खाली ओढत असेल. असे असेल तर इतर संवेदकांचे कपलर एकेक करून काढावेत, आणि ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येईल तोच अपराधी समजावा. त्यानंतर अर्थ. कपलर परत जोडून आणि किल्ली चालू ठेवून, बॅटरीच्या ऋण टोकापासून पेडलाच्या अर्थच्या तारेपर्यंत मोजता ०.१ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर वाटेत कोठे तरी गंज किंवा सैल जोड आहे. आणि येथे एक लक्षात ठेवण्यासारखी उलटी गोष्ट आहे. कार्बनच्या पट्टीच्या पेडलात अर्थची तार तुटली की संकेताचा व्होल्ट खाली न जाता वर, ५ व्होल्टच्या दिशेने चढतो. म्हणून ‘मर्यादेवर’ असा कोड पाहून पेडल फेकण्याआधी अर्थ तपासलीच पाहिजे. संकेताचीच तार तुटली तर मात्र बहुतेक गाड्यांत संगणकाला आकडा शून्याजवळ दिसतो.

शेवटी, कपलर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन तारेच्या रबरी बुचाला लागून आत सरकवून, दोन्ही संकेत पेडल सावकाश दाबताना मोजावेत. सामान्य डिजिटल मीटरचा आकडा सेकंदातून काही वेळाच बदलतो, त्यामुळे क्षणभर गेलेला व्होल्ट त्याला दिसतच नाही. अशा वेळी जुना काट्याचा मीटर किंवा ऑसिलोस्कोप अधिक उपयोगी पडतो. काटा एका ठराविक जागी थरथरला, तर तेथे कार्बनची पट्टी झिजली आहे. ही जागा बहुधा पाय नेहमी जेथे असतो तेथेच सापडते, म्हणजे पेडल सुटण्याच्या जवळ आणि महामार्गावर ठराविक वेगाने जाताना पाय जेथे स्थिर राहतो तेथे. म्हणूनच तक्रार ‘ऐंशीच्या वेगावर गाडी झटका देते’ अशी येते आणि गॅरेजच्या आवारात काहीच दिसत नाही. काट्याकडे पाहत असताना एका हाताने तारांचा जुडगा कपलरपासून वर हळूहळू हलवीत जावे. काटा पेडल न हलवता उडाला, तर दोष तारेत आहे. हॉल प्रकारच्या पेडलाचा रोध मोजण्याच्या भानगडीत पडू नये, त्याचा अर्थ लागत नाही. बल्बचा टेस्टर तर या तारांना मुळीच लावू नये, कारण त्या बल्बला लागणारा प्रवाह संगणकाच्या सर्किटला पेलत नाही. आणि तारेच्या आवरणात सुई भोसकून मोजण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे ती फार वाईट आहे. त्या छिद्रातून पावसाळ्यात ओल शिरते आणि आतले तांबे हिरवे पडून, जो दोष नव्हता तो वर्षभराने निर्माण होतो.

मराठवाड्यातल्या गाड्यांत हा दोष कोठून येतो, हे पाहताना आपली माती आणि आपली शेती विसरून चालत नाही. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात चालकाच्या चपलेबरोबर आत येतो, पेडलाभोवती थापला जातो, आणि उन्हाळ्यात त्याची पिठासारखी धूळ होऊन कपलरच्या फटीत बसते. मळणीच्या दिवसांत धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि तारांचे आवरण कुरतडतात. बॉनेट उघडल्यावर बॅटरीमागे सोयाबीनची टरफले आणि लेंड्या दिसल्या, तर पेडलाकडे जाण्याआधी तारांचा जुडगा हाताने चाचपून पाहिलाच पाहिजे. सर्व्हिसिंगच्या वेळी पायाखालच्या भागावर जोराच्या पाण्याचा फवारा मारला जातो, आणि नंतर दोन दिवसांनी दिवा लागतो. तशीच एक आपली खास देणगी म्हणजे नंतर बसवलेले सामान. मोठा हॉर्न, टेप, धुक्याचे दिवे, ट्रॅकिंगचे यंत्र, यांसाठी जेथे जागा मिळेल तेथे तार तोडून, नुसती पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे पेडलाच्या जुडग्यात सापडतात. कपलर उघडून पाहिल्यावर एखाद्या पिनेवर हिरवट भुकटी दिसली, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने ती धुऊन, सैल झालेली पिन नीट आवळून, पुन्हा मोजावे. अशा रीतीने अत्यल्प खर्चात सुटणारी तक्रार नव्या पेडलाच्या बिलापर्यंत नेणे, हा माझ्या मते ग्राहकावरचा उघड अन्याय आहे.

पुरवठा ठीक, अर्थ ठीक, तारा अखंड, आणि तरीही संकेत अडखळतो, एवढे सिद्ध झाले की मात्र पेडल बदलण्यात हयगय करू नये. हा संवेदक सहसा सुटा मिळत नाही, पेडलासह पूर्ण संचच घ्यावा लागतो. त्याला उघडून, पट्टीवर पेन्सिल घासून, पुन्हा बंद करण्याचे उद्योग माणसांची ने-आण करणाऱ्या गाडीत करू नयेत. नवा संच बसवल्यावर काही गाड्यांत पाय काढलेल्या स्थितीचा आकडा स्कॅनरने संगणकाला शिकवावा लागतो. जुने कोड पुसावेत, आणि ज्या चढावर तक्रार आली होती त्याच चढावर, तशाच भाराने, गाडी चालवून पाहावी.

नांदेड आणि लातूर येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या हाती आज स्कॅनर सहज येतो. त्यांनी मल्टिमीटरही तितक्याच सहजपणे उचलावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि वाहनमालकाला एवढेच सांगणे आहे की, पेडल बदलण्यास होकार देण्यापूर्वी मिस्त्रीकडून पाच आकडे कागदावर लिहून घ्यावेत: पुरवठ्याचा व्होल्ट, पाय काढलेला असतानाचे दोन संकेत, आणि पेडल पूर्ण दाबल्यावरचे दोन संकेत. हे आकडे लिहून देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याने ते मोजलेलेच नसतात.